राखणीचा दोरा

परवा पहाटे पंखा पाचावरून दोनवर आणला आणि पायाशी घडी करून ठेवलेली चादर अंगावर ओढली. मुंबईत थंडी येते ती एवढीच. तरी आम्ही मुलुंडकर तिचा फार तोरा मिरवतो. डोंगर जवळ, झाडी जवळ, त्यामुळे आमच्याकडे म्हणे दादरपेक्षा दोन अंश कमी असतात. हे दोन अंश आम्ही नातेवाइकांना फोनवर सांगतो, दुधवाल्याला सांगतो, आणि डिसेंबर संपायच्या आत कपाटातला एखादा तरी स्वेटर काढून गॅलरीत उन्हाला टाकतो. तो अंगात घालायची वेळ क्वचितच येते, पण त्याला ऊन हे दाखवलंच पाहिजे.

ही थंडी पडली की माझा फोन वाजायला लागतो. 'लोकर आणि गप्पा' नावाचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतच्या बायका आणि विणकाम करणारे दोन बाप्ये. एरवी तिथे फुलांचे फोटो आणि शुभ सकाळ चालते. थंडीत मात्र सगळ्यांना एकदम सुया आठवतात. मी त्या ग्रुपची कोणी न नेमलेली मास्तरीण. उभी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली, चुका शोधायची सवय हाडात मुरलेली. कोणी विणकामाचा फोटो टाकला की मी तो बोटांनी मोठा करते आणि सांगते, खालून सातव्या ओळीत, डावीकडून अकरावा टाका निसटलाय बघ. समोरची म्हणते, ताई, डोळे आहेत की भिंग आहे तुमचं. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

सल्ले तेच ते असतात. लोकर घेताना नुसता रंग बघू नका, लेबलवरचा लॉट नंबर बघा आणि लागेल त्याहून एक गुंडा जास्तच घ्या. महिन्याभराने त्याच दुकानात तोच रंग आणायला जाल तर तो सख्ख्या भावासारखा दिसेल, पण तोच नसेल. गुंडा करताना चार बोटं आत ठेवून सैल गुंडाळा, ताणून गुंडाळलेली लोकर विणून झाल्यावर आखडते. ओळ अर्धी ठेवून उठू नका, दाराची बेल वाजली तरी. आपल्याकडे हात घामेजतात, टाके सुईला चिकटतात, तेव्हा तळहाताला जराशी पावडर लावा. सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, जाड नव्हे, हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. आणि ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी एक नंबर जाड सुई घ्यावी. हा शेवटचा सल्ला मी देते तेव्हा माझी बोटं फोनवर जरा अडखळतात, पण देते.

या वेळी मात्र एका प्रश्नाला मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. घाटकोपरची केतकी म्हणून एक मुलगी आहे, सातवा महिना लागलाय, आयुष्यातलं पहिलं विणकाम बाळासाठी करते आहे. तिनं विचारलं होतं, 'ताई, सारखं चुकतं, आणि उसवायला गेलं की सगळंच हातातून निसटतं. ते मध्ये दोरा घालून ठेवतात ना, तो कसा घालायचा?' प्रश्न साधा होता. पाच ओळींत उत्तर झालं असतं. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर कोणीतरी विचारलं, ताई बऱ्या आहेत ना.

त्या दोऱ्याला माझी आई राखणीचा दोरा म्हणायची. विणकाम बरोबर जमलेलं असतं अशा एखाद्या ओळीवर थांबायचं. शिवणाच्या जाड सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवायचा आणि विणायच्या सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्यातून तो पार न्यायचा. टोकं लांब सोडायची. मग खुशाल पुढे विणायचं. पुढे काही बिनसलं तर सुई काढून घ्यायची आणि बिनधास्त उसवत यायचं. दोऱ्यापाशी आलं की लोकर थांबते, त्याच्या खाली एकही टाका सुटत नाही. आई मालवणकडची. गावाच्या वेशीवर जसा राखणदार, तसा विणकामात हा दोरा, असं तिचं म्हणणं. हा दोरा घालायचा तिला कंटाळा नव्हता, पण तिला तो लागायचा नाही. घातला की कौतुकानं घालायची आणि शेवटी अलगद ओढून काढायची.

कोकणातल्या बाईला लोकरीचं एवढं वेड कुठून, असं मला लोक विचारायचे. बाबा ठाण्याच्या बाजूला लोकरीच्या गिरणीत होते. गिरणीच्या दुकानात कामगारांना उरल्यासुरल्या लडी स्वस्तात मिळायच्या, आणि बाबा दर पगाराला एक पिशवी भरून आणायचे. आधी आईला त्यांचं काय करावं कळेना. मग चाळीतल्या एका शेजारणीनं तिला सुया धरायला शिकवलं आणि पुढची पन्नास वर्षं तिनं त्या खाली ठेवल्या नाहीत. मुलुंडच्या उकाड्यात, घामानं निथळत, मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसलेली माझी आई बघून येणारे-जाणारे हसायचे. तिचे स्वेटर नाशिकला जायचे, पुण्याला जायचे, फौजेतल्या भाच्याला जायचे. थंडी कुठेतरी आहे यावर तिचा विश्वास होता.

मी दहा वर्षांची असताना तिनं मला शिकवलं. विटकरी रंगाचा मफलर. माझा हात तेव्हापासूनच घट्ट. टाके सुईवर असे आवळून बसायचे की पुढची सुई आत घुसवताना करकर वाजायची. आई म्हणायची, सैल सोड गं, लोकर कुठे पळून जात नाही. पण मला भीती वाटायची की सैल सोडलं तर पळूनच जाईल. माझा मफलर मध्येच अरुंद, मध्येच रुंद, दोन ठिकाणी भोकं, असा महिनाभर वाढत होता आणि मला तो जगातला सगळ्यात सुंदर मफलर वाटत होता.

एक दिवस सकाळच्या शाळेतून घरी आले तर मफलर एकसारखा झालेला. भोकं गेलेली, कडा सरळ. आईनं मी शाळेत असताना तो सगळा उसवून पुन्हा विणला होता. तिला वाटलं मी खूश होईन. मी तो जमिनीवर टाकला आणि म्हटलं, हे माझं नाही. दोन दिवस जेवले नाही. आई फार वरमली. पुढे कित्येक वर्षं ती ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची, माझ्या लग्नातसुद्धा सांगितली. लपवायला गेले पण पोरीनं पकडलं, हिचा हात घट्ट नि माझा सैल, विणकामात हात लपत नाही, असं म्हणून हसायची. आणि मग हमखास म्हणायची की दुसऱ्याचं विणकाम कधी उसवू नये, चुकलेलं असलं तरी.

हे मला आठवायला हवं होतं. त्या हिवाळ्यात ते मला एकदाही आठवलं नाही.

तो हिवाळा म्हणजे आईचा शेवटचा. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझं लग्नही मागे पडलेलं, मी आणि आई दोघीच घरात. तिचं विसरणं वर्षभर आधी सुरू झालं होतं, मटारापासून. सोललेले दाणे कचऱ्याच्या डब्यात आणि सालं पातेल्यात. आम्ही दोघी हसलो होतो. मग गॅस, मग चाव्या, मग बाबांना डबा द्यायची घाई. मग तिच्या तोंडातली मराठी हळूहळू गेली आणि माहेरची मालवणी परत आली. आमच्याशी ती कधी मालवणी बोलली नव्हती. मुंबईत पोरांना त्रास नको म्हणून तिनं ती फक्त बाबांसाठी राखून ठेवली होती. आता तीच तिची एक भाषा उरली होती.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी शाळेतून आले, चपला काढल्या, आणि आईनं गॅलरीतून वळून माझ्याकडे नीट बघत विचारलं, “तुमी कोणाकडे इलात?”

आई मला 'गाढवे' म्हणायची, 'सटवे' म्हणायची, लाडात आली की 'माझे बाय' म्हणायची. त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा अहोजाहो केलं. मी तिथेच दारात उभी राहिले. म्हटलं, आई, मी शमी. ती हसली, परक्या बाईनं काहीतरी विचित्र बोलल्यावर आपण हसतो तसं, आणि खुर्ची पुढे केली. पुढचे काही दिवस मी हट्टानं तेच करत राहिले. फोटो दाखवले, माझं लग्न दाखवलं, कपाळावरची लहानपणीची खोक दाखवली. एकदा मी तिचे खांदे धरून म्हटलं, बघ ना गं माझ्याकडे, आणि ती रडायला लागली नि आत पळाली, सविताला शोधत. सविता म्हणजे मी शाळेत असेपर्यंत आईजवळ बसणारी बाई, भांडुपहून यायची. डॉक्टरांनी सांगितलं की असं पुन्हा पुन्हा पटवून देऊ नका, त्यांना भीती वाटते. त्या तुम्हाला जे समजतील ते व्हा. म्हणून मी 'बाई' झाले. रोज दुपारी येणारी, चहा करणारी, जरा ओळखीची झालेली एक बाई. पण मनात एकच धरून होते: एकदा, फक्त एकदा तिनं मला ओळखावं. बाकी काही नको.

तिला रमवायला सवितानं ट्रंकेतली लोकर बाहेर काढली. गिरणीतली शेवटची लोकर, मोरपंखी रंगाच्या तीन लडी. आईनं लडी हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. सविता लडी हातांवर धरून बसली, आईनं चार बोटं आत ठेवून सैल गुंडा केला, दहा नंबरच्या सुया मागून घेतल्या आणि चौसष्ट टाके घातले. एकही न चुकता. मी दारात उभी राहून मोजत होते. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं हे तिला माहीत नव्हतं, पण हातांना चौसष्ट माहीत होते.

मी विचारलं, कोणासाठी विणताय. ती म्हणाली, “माझ्या शमीसाठी. सकाळची शाळा आसा तिची, चेडू कुडकुडता.” चेडू म्हणजे पोर, मुलगी. आणि जमिनीपासून हात वर धरून दाखवलं, इतकी आहे ती. नंतर ती रोज दाखवायची. हात रोज तेवढ्याच उंचीवर थांबायचा, सहा-सात वर्षांच्या मुलीच्या डोक्याएवढा. मी तिच्या समोर बसून मटार सोलत असायचे, पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे, आणि ती माझ्यासाठी स्वेटर विणत असायची.

खालची बॉर्डर तिनं सुरेख विणली. चौदा ओळी, दोन सुलट, दोन उलट. पंधराव्या ओळीपासून बिघडायला लागलं. दुसऱ्या दिवशी मोजले तर टाके अडुसष्ट, तिसऱ्या दिवशी एकोणसाठ. सुलटच्या जागी उलट. एका बाजूला कापड वर चढलं, दुसऱ्या बाजूला भोकं पडली. तिचा हात मात्र तोच, सैल, सारखा. टाके चुकीच्या जागी होते, पण प्रत्येक टाका नीट श्वास घेत होता.

मला ते बघवेना. आता ग्रुपवरच्या बायकांना मी सांगते की मला आईचं दुःख व्हायचं, तिला चूक कळली तर ती खचेल असं वाटायचं. तेही होतं. पण खरं सांगायचं तर मला चूक बघवत नाही. वह्या तपासायची सवय. तिच्या हातून काही म्हणता काही धड होत नव्हतं, निदान हे एक तरी धड राहावं असं मला फार वाटायचं. हे नीट राहिलं तर आई पण राहील, असलं काहीतरी मी मनाशी जुळवलं होतं.

म्हणून मी बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत लाल सुती दोरा घातला. संध्याकाळी साताला आई टीव्हीसमोर बसायची, मालिका लागायची, तिची पाठ स्वयंपाकघराकडे. तेवढ्या वेळात मी स्वयंपाकघरात तिचं विणकाम घेऊन बसायचे. सुई काढायची, दुपारभरात तिनं विणलेलं लाल दोऱ्यापर्यंत उसवायचं, टाके परत सुईवर घ्यायचे, आणि तिनं जितक्या ओळी विणल्या तितक्याच मोजून विणायच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला काम तेवढंच झालेलं दिसावं. मग शेवटच्या बरोबर ओळीत पुन्हा लाल दोरा. मालिका संपायच्या आत टोपलीत जसंच्या तसं. खरं म्हणजे माझ्या घट्ट हाताला नऊ नंबरच्या सुया लागल्या असत्या, पण सुया बदलल्या तर तिला कळेल म्हणून तिच्याच वापरल्या. कापड जरा आवळत होतं. मी ताणून सारखं करायचे.

एक दिवस सविता थांबली होती, तिनं हे पाहिलं. ती फटकळ होती. म्हणाली, मॅडम, राहू द्या ना त्यांनी केलेलं. मी म्हटलं, अगं, सगळं चुकलंय. ती म्हणाली, “चुकू दे. घालणार कोण आहे तो स्वेटर?”

मला राग आला. तिला त्यातलं काय कळतं असं मनात म्हटलं आणि उसवत राहिले.

असा डिसेंबर गेला. सकाळी डोंगर धुक्यात, दुपारी गॅलरीत कोवळं म्हणावं असं ऊन, खाली वॉचमन वाळलेला पाला जाळायचा त्याचा वास. शेजारच्या गुजराती बिऱ्हाडातून उंधियूचा डबा यायचा आणि आई रोज विचारायची की आज कोणाकडे काय आहे. संक्रांत आली, तिळाच्या लाडवांचा पाक पुढे गेला, कडक झाले; आईनं एक चघळत चघळत तासभर पुरवला. ती त्या दिवसांत आनंदात होती. विणत बसायची, मध्येच हात वर धरून शमीची उंची दाखवायची, मध्येच बाबा येतील म्हणून दाराकडे बघायची. स्वेटरची पाठ काखेपर्यंत आली होती. मला वाटायचं, जमतंय आपल्याला. फेब्रुवारीपर्यंत होईल पूर्ण.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यातली दुपार. मी गॅलरीत तिच्यासमोर वह्या घेऊन बसले होते. आई टोपली घेऊन बसली तरी सुयांचा आवाज येईना, म्हणून मान वर केली. आईनं विणकाम मांडीवर पसरलं होतं आणि अंगठा फिरवत होती, खालच्या बॉर्डरवरून वर, पुन्हा खालून वर. आंधळी माणसं चेहरा चाचपतात तशी. बॉर्डर संपते तिथे थांबली, पुढे गेली. कपाळाला आठी.

“ह्यां मी नाय विणलंय,” ती म्हणाली.

काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, पण तिनं मला बोलू दिलं नाही. विणकाम माझ्यापुढे धरलं आणि टाक्यांवर बोट ठेवून दाखवलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कितीतरी महिन्यांनी त्या डोळ्यांत काहीतरी लख्ख दिसत होतं.

“माझ्या शमीचो हात हो. बघा, कसो घट्ट.”

मी विचारलं, कशावरून म्हणता.

“माझ्या चेडवाचो हात माका कळाचो नाय?”

हे ती माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली. हातभर अंतरावर होते मी. तिनं मला ओळखलं होतं, पुरतं ओळखलं होतं, आणि ती मला ओळखत नव्हती. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, आई, मीच ती. जिभेवर आलं होतं. पण मला तिचं ते आत पळणं आठवलं, ते रडणं आठवलं, आणि तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की मी गप्प राहिले.

मग तिनं सुया नीट जुळवल्या, लोकर भोवती गुंडाळली आणि सगळं माझ्या हातात दिलं. म्हणाली, “तिका जमता आता. करू दे तिका.” जरा थांबून, आवाज खाली आणून, एक बाई दुसऱ्या बाईला घरातलं सांगते तसं म्हणाली, “तुमका भेटली तर सांगा तिका. हात सैल सोड म्हणान.”

“सांगते,” मी म्हटलं.

त्यानंतर आईनं सुया हातात घेतल्या नाहीत. मी दुसरी लोकर दिली, दुसरा रंग दिला, सवितानं लाडीगोडी लावली. ती प्रत्येक वेळी अदबीनं परत करायची, शमीकडे द्या म्हणायची, तिचं काम आता झालं असल्यासारखी. दुपारी गॅलरीत नुसती बसून राहायची, बोटं मांडीवर हलत राहायची. आणखी दोन महिने होती. मार्चात, पंखा परत पाचावर गेला त्या आठवड्यात, गेली. तोपर्यंत मी तिच्यासाठी बाईच होते.

तिचे दिवस झाल्यावर मी टोपली उघडली. स्वेटरची पाठ, काखेपर्यंत विणलेली, सुईवर चौसष्ट टाके, त्यात लाल दोरा. गॅलरीच्या उजेडात नेऊन बघितली आणि तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. खालच्या चौदा ओळी आईच्या. त्याच्या वरचं एकूण एक माझं. तिनं दोन महिने रोज दुपारी विणलेलं, वाकडं, भोकांचं, अडुसष्टांचं आणि एकोणसाठांचं, ते जगात कुठेच नव्हतं. तिच्या हाताचं शेवटचं काम मी रोज संध्याकाळी सात ते साडेसात थोडं थोडं उसवून टाकलं होतं. एक चुकलेली ओळसुद्धा ठेवली नाही. तीच लोकर आहे, तिच्याच बोटांतून गेलेली, पण ती माझ्या टाक्यांत आवळून बसली आहे. सविता विचारत होती घालणार कोण, आणि मला तिचं म्हणणं कळायला मार्च संपत आला.

परवा स्वेटरांना ऊन दाखवताना ती पाठ पुन्हा काढली. लाल दोरा अजून आत आहे. ओढून काढायचा होता, पण तो निघाला की हे काम संपलं असं होईल, म्हणून ठेवलाय. मी त्या चौदा ओळींवरून अंगठा फिरवला, खालून वर. पंधरावी कुठे सुरू होते ते डोळे मिटूनही कळतं. आईला कळलं यात काही नवल नव्हतं.

आज सकाळी शेवटी केतकीला उत्तर लिहिलं. जाड सुईत सुती दोरा ओव, रंग वेगळा घे, प्रत्येक टाक्यातून ने, विणायच्या सुईला टोचू नकोस, टोकं वीतभर लांब ठेव. आणि खाली लिहिलं, घातलास तरी सारखी उसवू नकोस. थोडं चुकलेलं राहू दे, बाळाला टाके मोजता येत नाहीत. आणि तुझं विणकाम कोणी सरळ करून देते म्हणाली, तर देऊ नकोस, मी म्हणाले तरी देऊ नकोस. तिनं हसरा चेहरा पाठवला आणि तिच्या विणकामाचा फोटो. मी मोठा करून बघितला. चार चुका होत्या. टाके करकचून आवळलेले, माझ्यासारखे.

हात सैल सोड, असं टाइप केलं. मग पुसलं, आणि एक नंबर जाड सुई घे म्हणून लिहिलं. तो निरोप केतकीसाठी नव्हता. तो ज्या मुलीला द्यायचा होता, तिला मला अजून सांगता आलेला नाही.